मूल एक, खाती पाच

सप्टेंबर हा पोषण महिना. २०१८ पासून तो देशभर पाळला जातो, पुण्यातही पाळला जातो. अंगणवाडीसमोर रांगोळी निघते, पाककृतींची स्पर्धा होते, मोड आलेल्या कडधान्यांच्या वाट्या मांडल्या जातात आणि एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून आलेली पोषणाची किट वाटली जातात. किटवर कंपनीचं बोधचिन्ह, संस्थेचं बोधचिन्ह, मागच्या फलकावर मान्यवर. आत गूळ, शेंगदाणे, खजूर, नाचणीचं पीठ असं चांगलंच काहीतरी असतं; त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या कार्यक्रमाला आपण आता ‘स्थानिक संस्थांशी भागीदारी’ म्हणू लागलो आहोत याबद्दल. कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि सरकारी सादरीकरणात किटांचा आकडा येतो आणि तिथेच विषय संपतो.

पुण्यासारख्या शहरात मुलांचं आरोग्य, पोषण आणि संरक्षण सुधारायचं असेल तर स्थानिक स्वयंसेवी संस्थांवाचून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पण त्यांच्याकडून खाऊ वाटून घेणं म्हणजे त्यांना फुकट घालवणं. आहार, लस, उपचार ही सरकारची कामं आहेत. ती सरकारने स्वतःच्या पैशाने आणि नीट पगार दिलेल्या स्वतःच्या माणसांकडून करावीत. सरकारला न जमणाऱ्या दोन गोष्टी संस्थांना जमतात. एकाच वस्तीत वर्षानुवर्षं फिरत राहणारं माणूस त्यांच्याकडे असतं, आणि ‘हे का झालं नाही’ असं साहेबांना तोंडावर विचारण्याची मोकळीकही असते. भागीदारी या दोन गोष्टींसाठी करावी आणि पैसेही त्यांच्यासाठीच मोजावेत.

आधी परिस्थिती पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा ३५.२ झाला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के, म्हणजे पाच वर्षांत तसूभरही फरक नाही. त्यांतली तीव्र कुपोषित मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. रक्तक्षय असलेली लहान मुलं ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्के झाली. हे राज्य गरीब राज्यांत मोडत नाही.

हे न बदलणारं प्राक्तन आहे असंही नाही. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर द्यायचा आणि आरोग्य खातं व महिला-बालविकास खातं यांना एकत्र कामाला लावायचं, असा त्याचा रोख होता. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या बुटक्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. सगळं श्रेय मिशनलाच द्यावं असं नाही. त्या वर्षांत इतरही बरंच काही बदलत होतं. तरी दोन खाती एका टेबलावर बसली तेव्हा फरक पडला, एवढं त्यातून घेता येतं.

पुण्यात मुलाचा प्रश्न दोनच नव्हे, निदान पाच खात्यांमध्ये वाटलेला आहे. समजा, नांदेडकडचं एक जोडपं वाघोलीच्या एका गृहप्रकल्पावर कामाला आहे. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत एक खोली. धाकटी मुलगी चौदा महिन्यांची, थोरली नऊ वर्षांची. आईबाप सकाळी स्लॅबवर चढले की धाकटी थोरलीच्या कडेवर. धाकटीचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आहे, म्हणजे ती सॅम, तीव्र कुपोषित. पण तिचा दंड मोजणार कोण? अंगणवाडी गावठाणात. सेविकेच्या सर्वेक्षणात घरं आहेत, साइटवरच्या खोल्या नाहीत. फाटकावरचा सुरक्षारक्षक तिला सहजासहजी आत सोडत नाही आणि चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी या हिशेबात तिच्या वाट्याला आधीच पुरेसं काम आहे. लसीकरणाचं कार्ड गावाकडे राहिलं. थोरलीचं नाव गावच्या शाळेच्या पटावर, ती स्वतः इथे. बापाची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी झालेली नाही.

आता या घराची विभागणी करा. धाकटीचं वजन महिला व बालविकास खात्याकडे. तिची गोवराची लस महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. थोरलीची शाळा शिक्षण विभागाकडे. दिवसभर दोन लहान पोरी साइटवर एकट्या असतात, तिथे काही वाईट घडलं तर पोलीस आणि बाल कल्याण समिती. आईबापांची नोंदणी कामगार खात्याकडे. प्रत्येक खात्याचा स्वतंत्र फॉर्म, स्वतंत्र ॲप, स्वतंत्र आढावा बैठक. आईच्या दृष्टीने मात्र अडचण एकच आहे, ती कामावर असताना पोरीला सांभाळणारं कोणी नाही. ती सुटली तर थोरली शाळेत जाऊ शकते, धाकटीला दिवसातून तीनदा गरम खायला मिळू शकतं, दोघी सुरक्षित राहू शकतात आणि नर्सला लस द्यायला मूल एका जागी सापडतं.

इतक्यात इमारत पूर्ण होते. मुकादम एका रात्रीत टोळी टेम्पोत घालतो आणि ताथवड्याला नेतो. शहर तेच वाटत असलं तरी महापालिका बदलली, अंगणवाडीचा प्रकल्प बदलला. केंद्राचं पोषण ट्रॅकर २०२१ पासून आहे, राज्याची स्थलांतर मागोवा प्रणालीही आहे. नोंद या सेविकेकडून त्या सेविकेकडे पाठवायची सोय या यंत्रणांत आहे, पण कुटुंब गेलं आणि कुठे गेलं हे कोणीतरी सांगितलं तरच. ते सांगणारं माणूस कोणाच्या पगारावर आहे? सध्या बहुधा कोणाच्याच नाही.

पुण्यात अशा साइटवर पाळणाघरं चालवणारी तारा मोबाईल क्रेशेस आहे. बांधकामावरच्या मुलांना हुडकून शाळेपर्यंत नेणारं डोअर स्टेप स्कूल १९९३ पासून शहरात आहे. या संस्थांच्या कार्यकर्त्या बिल्डरच्या फाटकातून आत जातात, त्यांना मुकादमाचा फोन नंबर ठाऊक असतो, कुठली टोळी कुठे हलली ते कळतं. जाहिरात देऊन सहा महिन्यांत असं माणूस उभं करता येत नाही. कायदाही या कामाच्या आड नव्हता. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पण बायका वेगवेगळ्या पोटकंत्राटदारांच्या हजेरीवर असल्या, त्यातल्या बऱ्याच नवऱ्याच्या नावाने ‘जोडी’ म्हणून मोजल्या गेल्या, तर पन्नासाचा आकडा भरणार कसा? कायद्यातली अशी फट फाईलवर दिसत नाही, साइटवर रोज जाणाऱ्याला दिसते. संस्थेचं मोल मी यात मानतो.

पुण्याच्या आसपास याचे जुने दाखलेही आहेत. वढू बुद्रुक परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने १९७० च्या दशकापासून गावातल्याच लोकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे पुणेकर अभिमानाने सांगतात; गावातल्या बाईला आरोग्याचं शिकवता येतं, ही त्या कामामागची साधी खात्री तितक्या वेळा सांगत नाहीत. त्याच केईएमच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात ज्या बायका पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती, असं त्यात दिसलं. ही बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त होतं, आणि मोठेपणीच्या मधुमेहाशी त्याचं नातं जोडलं गेलं. म्हणजे मुलाचं पोषण आईच्या ताटापासून सुरू होतं. त्या ताटात पालेभाजी आहे का, हे वस्तीत रोज जाणारी बाईच पाहू शकते.

गडचिरोलीचा दाखला याहून मोठा. ‘सर्च’ या संस्थेने तिथे गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हीच पद्धत ‘आशां’मार्फत देशभर गेली. संस्थेने करून दाखवलं, सरकारने पसरवलं, आणि पसरवताना ते स्वतःच्या खर्चाने केलं. देशभराची बाळं सांभाळायला संस्थेला कोणी सांगितलं नाही.

आपल्याकडे हल्ली जे होतं ते बरोबर याच्या उलट. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण खात्याने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा आणि साखरेसाठीचा वेगळा निधी थांबवला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. लोकसहभाग हा मुळात किती चांगला विचार! त्याचा उपयोग इथे सरकारी खर्चाला कात्री लावण्यासाठी झाला. अंगणवाडीतही फार वेगळं नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये ठरला, तीव्र कुपोषित मुलासाठी बारा. आठ रुपयांत पुण्यातल्या वाण्याकडे फार तर एक अंडं येतं. या पैशांत पाचशे उष्मांक आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. अशा वेळी कंपनी आणि संस्था किट घेऊन आल्या की सगळ्यांनाच हायसं वाटतं आणि आठाचे सोळा करा ही मागणी मागे पडते. म्हणून किट वाटणाऱ्या संस्थांना एक आग्रहाचं सांगणं आहे: किट द्यायचंच असेल तर त्यासोबत दरवाढीचं निवेदनही द्या. देणगीदार नाराज होईल, होऊ दे.

हीच गोष्ट माणसांची. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी संप केला, तो जानेवारीतही चालू होता. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी या त्यांच्या मागण्या. त्यांच्या कामाला आजही मानधन म्हणतात, पगार म्हणत नाहीत. सेविकेला पगार द्यायचा नाही आणि तिचं काम संस्थेच्या ‘कार्यकर्ती’कडून त्याहून कमी पैशात करून घ्यायचं, याला भागीदारी म्हणणं ही दोघींचीही फसवणूक आहे. डाव्या संघटनांचा संस्थांवरचा राग इथून येतो, आणि तो रास्त आहे.

संस्थांवर दुसरा आक्षेप विश्वासाचा. तोही उडवून लावण्यासारखा नाही. अंगणवाडीच्या आहारातून कंत्राटदारांना दूर ठेवा, बचतगट आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्रात काही महिला मंडळांच्या आडून खासगी कंपन्याच पुरवठा करत असल्याचा ठपका खुद्द न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या अहवालात आला. पुढे २०१९ मध्ये घरपोच आहाराची हजारो कोटींची कंत्राटं न्यायालयाने रद्द केली. निविदेच्या अटीच अशा होत्या की खऱ्या बचतगटाला दारातही उभं राहता येऊ नये. संरक्षणाच्या बाबतीत तर मुझफ्फरपूर विसरता येत नाही. बिहार सरकारच्या पैशावर एक संस्था तिथे मुलींचं वसतिगृह चालवत होती आणि आत मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले. ते बाहेर काढले टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने, सरकारनेच सांगितलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. पोसणारी संस्था आणि तपासणारी संस्था वेगळी होती म्हणून ते उघडं पडलं. दोन्ही कामं एकाच हातात असती तर अहवालात वसतिगृहाच्या स्वच्छतेचं कौतुक आलं असतं.

त्यामुळे माझी अट सरळ आहे: जी संस्था पुरवठा करते तिने देखरेख करू नये, जी देखरेख करते तिने पुरवठ्याच्या पैशाला हात लावू नये. देखरेखीचा अनुभव पुण्याला नवीन नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात त्याचं समन्वयाचं काम पुण्याच्याच ‘साथी’ संस्थेकडे होतं आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणेही होतं. गावकरी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे, मग जनसुनवाई. डॉक्टर आणि अधिकारी व्यासपीठावर, बायका समोर बसून विचारायच्या की औषध बाहेरून का आणायला लावलं. अधिकाऱ्यांना ते आवडायचं नाही हे उघड आहे. शहरातल्या अंगणवाड्यांसाठी आणि महापालिकेच्या दवाखान्यांसाठी अशी नियमित जनसुनवाई का असू नये? पुण्यात प्रश्न विचारणाऱ्यांची कमतरता तर कधीच नव्हती. फक्त ते प्रश्न बहुधा पार्किंगचे आणि पाणीकपातीचे असतात.

संरक्षणाच्या बाबतीत आपण अलीकडे एक उलटी चूक केली. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुण्यात ती अनेक वर्षं ज्ञानदेवी संस्थेने चालवली. फोन आला की साठ मिनिटांत मुलापर्यंत पोचायचं, असा दंडक होता. २०२३ मध्ये केंद्राने मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या योजनेखाली ती सरकारकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. सरकारने आपली जबाबदारी स्वतः घेतली यात वावगं काही नाही. उलट इतकी वर्षं ती संस्थांच्या खांद्यावर होती हेच विचित्र होतं. पण नंबर घेताना त्यामागचं जाळं सोडून दिलं. कुठल्या स्टेशनवर पळून आलेली मुलं उतरतात, कुठल्या वस्तीतली कोणती मावशी खरं सांगेल, कुठल्या चौकीतला हवालदार मुलीशी नीट बोलतो, ही माहिती नियंत्रण कक्षातल्या संगणकात भरून मिळत नाही. फोन सरकारने उचलावा. दारात जाताना मात्र सरकारी माणसासोबत वस्तीला ओळखीचा चेहरा असावा, आणि त्या चेहऱ्याला त्याचे पैसे मिळावेत.

बालविवाहाचं पाहा. २० ते २४ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण, मग कमी वजनाचं बाळ. इथे पोषण आणि संरक्षण हे दोन विषय उरतच नाहीत. तरीही एका खात्याकडे ती ‘बालविवाह’ म्हणून नोंदली जाते आणि दुसऱ्याकडे ‘गर्भवती लाभार्थी’ म्हणून, आणि या दोन नोंदी एकमेकींना कधी भेटत नाहीत.

त्या भेटवायच्या कुठे? त्यासाठी नवी समिती नको. प्रभाग पातळीवर बाल संरक्षण समिती असावी असं मिशन वात्सल्यमध्ये लिहिलेलंच आहे. पुणे महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, दवाखान्याच्या डॉक्टर, पोलीस ठाण्यातला बालकल्याण अधिकारी, शाळेचं कोणी आणि त्या भागातल्या दोन-तीन संस्था बसल्या आणि योजनांवर न बोलता मुलांवर बोलल्या, एकेका मुलाचं काय झालं ते विचारलं, तर वाघोलीची ती मुलगी ताथवड्याला पोचण्याआधी तिथे निरोप पोचू शकतो. अध्यक्षपदी नगरसेवक असला तर उत्तम. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होता आणि वस्तीतल्या बाईने कोणाचं दार ठोठवायचं हे ठरत नव्हतं, याची किंमत मुलांनीही मोजली असणार.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे पुण्यात सामाजिक निधीची वाण नाही. चाकणपासून हिंजवडीपर्यंत देणारे आहेत. अडचण त्या पैशाच्या स्वभावाची आहे. ‘चालू प्रकल्प’ म्हटलं तरी सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत तो संपवावा लागतो. प्रत्यक्षात करार वर्षाचे होतात. वस्तू दिसतात म्हणून वस्तूंना पैसे मिळतात. कार्यकर्तीच्या पगाराला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लागते. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेला देणंही बंद झालं. वस्तीपातळीवरच्या लहान संस्थांची त्याने नाडी आखडली. वस्तीत ओळख व्हायला दोन वर्षं लागतात आणि तिसऱ्या वर्षी कार्यकर्ती नोकरी सोडून मॉलमध्ये लागते, कारण तिथे पगार दर महिन्याला होतो.

सरकारी करारांची गतही बरी नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे. त्यांची मुलं कचऱ्यात न जाता शाळेत जावीत हा तिचा पहिल्यापासूनचा आग्रह. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेची भागीदार म्हणून देशभर दाखवली जाते. त्याच ‘स्वच्छ’चा करार २०२० च्या अखेरीस संपल्यावर तिला थोड्या थोड्या मुदतवाढींवर दिवस काढावे लागले. ज्या कामाचं शहर कौतुक करतं त्याची ही अवस्था, तर साइटवरच्या पाळणाघराला पाच वर्षांचा करार कोण देणार?

तरी तो मागितलाच पाहिजे, आणि मागताना बिल्डरांच्या दारातूनच सुरुवात करावी. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. पुण्यात जितकी बांधकामं आहेत तितका तो जमा होतो. त्यातून मंडळ भांड्यांचे संच आणि सुरक्षेच्या पेट्या वाटतं. त्याच पैशातून प्रत्येक मोठ्या साइटवर पाळणाघराच्या ताईचा पाच वर्षांचा पगार द्यावा आणि महापालिकेने बांधकाम परवान्याच्या अटींत पाळणाघराची जागा दाखवणं सक्तीचं करावं. जागा बिल्डरने द्यावी, आहार आणि लस सरकारने द्यावी, ताई संस्थेने निवडावी. आणि ताईने सरकारविरुद्ध तक्रार केली तरी करार मोडणार नाही, असं एक कलम त्यात असावं. हे शेवटचं कलम घालायला जो अधिकारी तयार होईल त्याच्याशी संस्थांनी बाकीच्या अटी सावकाश बोलाव्यात.